सूचना : रविवारी गोव्यातल्या केरीच्या धक्क्यावर

मंडळी, आपल्या गटातलं जोडपं मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल हाणत येतंय. रविवारी सकाळी दोघं तेरेखोलहून फेरीबोटीने केरीला उतरतील. आठ वाजता धक्क्यावर जमूया. शुक्रवारी ती तारकर्लीला स्कूबा करणार आहेत. स्कूबानंतर त्याच दिवशी जोराची दमछाक नको, म्हणून मुक्कामही तिथेच ठेवलाय. हे फार शहाणपणाचं केलं. वारा बरा असेल तर केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग, मग मोरजी. तिथे वाळूत सायकल घालू नका, कासवं अंडी घालतात.

सोमवारी दक्षिण गोव्यातला करमल घाट. ब्रेक आधीच तपासा, मागचा लाल दिवा हवाच. गोव्याच्या दक्षिण सीमेवरच्या पोळे गावापर्यंत सोबत जाणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं. आणि दोघांसाठी कुणीतरी घरची सोलकढी आणा!