सोनोग्राफीच्या खोलीला कुलूप आणि डोक्यात प्रेशर: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी हायवेलगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण उद्या चौकशी लागली तर ती आमच्या एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांच्याच मागे लागणार आणि त्यांची यात काही चूक नाही.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला विशीतला एक मुलगा आणला, बाईक घसरलेली, हेल्मेट घरी. बोलत होता, शिव्या घालत होता, तोंडाला वास, जीसीएस, म्हणजे शुद्धीचे मार्क, १५ पैकी १३. सोबतचे म्हणाले सिस्टर दारू चढलीये, झोपू द्या सकाळी उतरेल. मी दर पंधरा मिनिटांनी टॉर्च मारून प्युपिल, म्हणजे डोळ्याची बाहुली, बघतेय, दोन्ही सारखे, आणि तरी माझं मन खात होतं कारण पोरगं हळूहळू कमी बोलायला लागलं होतं, पण ते दारूमुळे की डोक्यात काही वाढतंय म्हणून हे कसं सांगणार? सीटी ६० किलोमीटरवर. साडेतीनला एक प्युपिल मोठा झाला, मग मात्र पळापळ, मेंदूचं प्रेशर उतरवायचं मॅनिटॉल, १०८. मुलगा वाचला, पण उजवी बाजू अजून साथ देत नाही. आधी कळलं असतं तर वेगळं झालं असतं असा दावा मी करत नाही, मी डॉक्टर नाही. पण प्युपिल मोठा होणं हा उशिराचा इशारा असतो हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात, आणि आमच्याकडे रात्री तेवढाच इशारा आहे.

थोडं सोप्या भाषेत सांगते. कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, त्यात मेंदू, रक्त आणि मेंदूतलं पाणी. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रोनं १७८३ मध्येच सांगून ठेवलंय की डबा वाढत नाही, म्हणजे आत एक गोष्ट वाढली की दुसरीला जागा सोडावी लागते. ते पाणी साधारण १५० मिली असतं पण दिवसाला जवळपास अर्धा लिटर नवीन तयार होतं, म्हणजे आत सतत ये-जा चालू. मोठ्या माणसात आडवं झोपून प्रेशर ७ ते १५ मिलिमीटर पारा असतं, डोक्याला मार लागलेल्या पेशंटमध्ये २२ च्या वर गेलं की उपचार करा असं गाइडलाइन सांगते. आता हे मोजायची खात्रीची पद्धत म्हणजे कवटीला भोक पाडून आत नळी किंवा प्रोब. त्याला न्यूरोसर्जन लागतो, शिवाय इन्फेक्शनची भीती. ग्रामीण रुग्णालयात ते होणार नाही, व्हायलाही नको.

खरं म्हणजे भोक न पाडता प्रेशर ओळखणारी पहिली माणसं आपल्या आज्याच. तान्ह्या बाळाची टाळू भरताना हाताला कळतं, जुलाब झालेल्या बाळाची टाळू खोल जाते आणि आत प्रेशर वाढलं की फुगून वर येते. पुढची टाळू दीड वर्षाच्या आसपास भरून येते आणि ती खिडकी बंद होते.

पण मोठ्या माणसात डोळ्याची खिडकी उघडी असते! डोळ्यामागच्या नसेभोवती जे आवरण असतं ते मेंदूच्याच आवरणाचा पुढे आलेला भाग, त्यात तेच पाणी. आत प्रेशर वाढलं की ते आवरण फुगतं. मिटलेल्या पापणीवर भरपूर जेल टाकून सोनोग्राफीचा लिनिअर प्रोब हलकेच टेकवायचा, डोळ्याच्या गोळ्याच्या मागे ३ मिलिमीटरवर आवरणासकट नसेची जाडी मोजायची. मी एका मेडिकल कॉलेजच्या ट्रेनिंगला भुलीच्या मॅडमना करताना पाहिलंय, दोन्ही डोळे मिळून पाच मिनिटं पण लागली नाहीत. डोळाच फुटलेला असेल तर करायचं नाही, दाबायचं तर मुळीच नाही. नेमका आकडा मिळत नाही हेही खरं, कुणी ५ मिलिमीटरच्या वर संशय घ्या म्हणतं कुणी ६ च्या जवळ, आणि हात बसावा लागतो. पण कुणाला आत्ताच्या आत्ता पुढे पाठवायचं एवढं ठरवायला मदत होते, आणि तासाभरानं परत बघता येतं.

कुणी म्हणेल प्रेशर मोजून काय मोठं होतं. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या ३२४ पेशंटचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला, त्यात कवटीत प्रोब घालून उपचार केलेले आणि सीटी व तपासणीवर उपचार केलेले यांच्यात विशेष फरक दिसला नाही. मान्य. पण तिथे निदान सीटी होतं साहेब, माझ्याकडे टॉर्च आहे.

ब्राझीलच्या सर्जिओ मस्कारेन्यास यांची गोष्ट मला फार आवडते. फिजिक्सचे प्रोफेसर, सत्तरी ओलांडलेली, आधी पार्किन्सन वाटला आणि निघालं मेंदूत पाणी. प्रेशर बघायला कवटीला भोक पाडतात हे ऐकून ते चिडले, आणि बांधकामातला ताण मोजतात तसा सेन्सर कवटीला लावून दाखवून दिलं की कवटी अगदी सूक्ष्म का होईना पण हलते. त्यातून पट्टा बांधून प्रेशरच्या लाटा दाखवणारं यंत्र निघालं. ते आम्हाला द्या असं म्हणत नाही, आमच्याकडे असलेलं वापरू द्या.

कारण सोनोग्राफी मशीन आमच्याकडे आहे! कॅज्युअल्टीपासून वीस पावलांवर. रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोन दिवस येतात, बाकी वेळ खोली बंद, आणि पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याच्या) धास्तीनं त्या मशीनला कुणी हात लावत नाही. हा कायदा सैल करा असं मी मेले तरी म्हणणार नाही, २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, मी त्याच भागातली आहे. देशात असा पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्यानं केला याचा अभिमान आहे. पण डोळ्यावर ठेवायचा प्रोब वरवरचे काही सेंटिमीटरच बघतो, पोटातलं बाळ बघायला तो फारसा उपयोगाचा नाही. मग फक्त हाच प्रोब बसेल असं, दुसरा जोडताच येणार नाही असं सील केलेलं छोटं मशीन कॅज्युअल्टीत ठेवायला, नोंदणी आणि रजिस्टर सगळं सांभाळून, काय हरकत आहे? पोर्टेबल मशीनचे नियम केंद्राचे आहेत ठाऊक आहे, तिथे तुम्ही पत्र लिहा. तोवर एमओंना ट्रेनिंग द्या आणि समुचित प्राधिकाऱ्यांकडून (या कायद्याचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांकडून) लेखी परिपत्रक काढा की डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या डोळ्याच्या तपासणीसाठी नोंदणीतलं मशीन रात्री कुणी आणि कसं वापरायचं. तोंडी आदेशावर आमच्याकडे कुणी कुलूप काढत नाही.

किल्ली ऑफिसच्या कपाटात असते, आणि ऑफिस संध्याकाळी सव्वासहाला बंद होतं.

आपली,
रात्रपाळीची एक स्टाफ नर्स