शाळेच्या पत्र्यावरचं पाणी : गावकऱ्यांना आणि चाकरमान्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गणपतीला गावी याल तेव्हा पऱ्या, म्हणजे आपला ओढा, दुथडी भरून वाहत असेल, विहिरीत वाकून हात घातला तरी पाणी लागेल. तेव्हा पाण्यासाठी वर्गणी मागणारं हे पत्र वाचून काहींना हसू येईल. पण ज्यांनी मे महिन्यात वरच्या वाडीत चार दिवस काढलेत त्यांना पहाटे तीनची विहीर ठाऊक आहे. तळाशी उतरलेलं एखादं पोर झऱ्यातलं पाणी वाटीने कळशीत भरत असतं आणि वर बायका दोर धरून ताटकळत असतात. नळ दारात आले, खरं आहे. पण ज्या विहिरीतून पाणी वर चढवायचं तिचाच तळ एप्रिलात दिसायला लागतो, तिथे नळ तरी काय करणार?

मागच्या शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ओट्यावर, बसली असताना विषय निघाला, दहा वर्षांनी आपलं गाव कसं असावं. जो तो बोलायला लागला. टँकर नको, वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वणवा नको, वरकस जमिनीत परत नाचणी हवी. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, मग आपली कौलं काय वाईट आहेत, असंही कुणी म्हणालं. शेवटी वरच्या वाडीतली एक आजी म्हणाली, "आधी पिण्याचं पाणी द्या, मग दिवे लावा." सगळे हसले, पण ठरलं तिच्याच म्हणण्याप्रमाणे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव आपण सगळेच घेतो. तिथे पाऊस आपल्या पावसाच्या पासंगालाही पुरत नाही. तरी दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कुठली पिकं घ्यायची ते त्यावरून ठरतं. तिथे सरपंच म्हणून हे काम उभं करणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री मिळाली, तीही याच कामामुळे. मात्र त्यांची युक्ती उचलून इथे चिकटवता येणार नाही. त्यांच्याकडे पाऊस कमी, आपल्याकडे तो थांबत नाही. जांभा दगड चाळणीसारखा, उतार खडा, त्यात दर उन्हाळ्यात सड्यावरचं गवत जळून जातं. पाणी आलं तसं खाडीला मिळतं.

म्हणून सुरुवात छपरापासून. शाळेचा पत्रा साधारण १,००० चौरस फुटांचा आहे. पाऊस ३,००० मिलिमीटर धरला तरी त्या एका पत्र्यावर हंगामात पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजारी टँकरच्या २७ खेपा. आज ते मैदानात चिखल करून निघून जातं. आपल्याला त्यातलं थोडंच साठवायचं आहे. वरच्या वाडीत ४० घरं, घरटी रोज २० लिटर पिण्याचं पाणी, एप्रिल-मेचे ६० दिवस. हिशेब ४८,००० लिटरचा होतो. तेव्हा ५०,००० लिटरची फेरोसिमेंटची (जाळीवर सिमेंट लिंपून केलेली) बंद टाकी बांधायची. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं वाळू-कोळशाच्या गाळणीतून आत घ्यायचं आणि एप्रिलपर्यंत तोटीला कुलूप.

मिस्त्रीने अंदाज दिलाय अडीच लाखांचा, म्हणजे लिटरला ५ रुपये. ५०० रुपये दिलेत तर एका घराचं पाच दिवसांचं पिण्याचं पाणी झालं, ६,००० रुपयांत एका घराचे दोन्ही महिने निभतात. ज्याला जे झेपेल ते द्यावं. टाकीवर देणगीदारांच्या नावांची फरशी लावायची नाही असं ठरलंय. त्या फरशीवरून देवळात काय काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

दुसरं काम पऱ्यावरचे दोन वनराई बंधारे, म्हणजे माती भरलेल्या गोणींचे तात्पुरते बांध. त्याला पैसे नकोत, माणसं हवीत. गेल्या वर्षी घाई आपणच केली. घटस्थापनेच्या आधी बंधारा घातला, परतीचा पाऊस आला आणि गोणी खाडीपर्यंत गेल्या. त्या वेचण्यात दोन रविवार गेले. यंदा दिवाळी झाल्यावरच काम काढायचं. गोणी विटांसारख्या सांधमोड रचायच्या, तोंडं शिवून घ्यायची. दोन्ही बंधाऱ्यांना मिळून सहाशे तरी गोणी लागतील. मुंबईत ज्यांच्या इमारतीचं काम चालू आहे त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोणी मागून ठेवाव्यात, झटकून, गठ्ठा बांधून गणपतीला येताना आणाव्यात. फाटक्या नकोत.

पैसे मंडळाच्या बँक खात्यातच भरा, रोख दिलेत तर पावती घेतल्याशिवाय हलू नका. खर्चाचा हिशेब पुढच्या शिमग्याला सहाणेवर वाचला जाईल. टाकी मेअखेर पुरी व्हायला हवी, नाहीतर आणखी एक पावसाळा फुकट गेला.

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शाळेच्या पडवीत बैठक आहे. टाकीची जागा तेव्हाच आखायची आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात फणसाची मुळं आड येतात असं काहींचं म्हणणं आहे, ते येऊन बघा आणि आपलं मत सांगा. आरत्या उरकून या, पण या.

आपले,
ग्रामविकास मंडळ, गाव आणि मुंबई