कुर्डूला अंगणात जागा द्या

महोदय,

मृग जवळ आला की घरच्या बागेत काय लावावे याच्या याद्या वाचायला मिळतात. त्यांत देशी वृक्ष असतात, पण आपल्या रानातली हंगामी फुले सहसा नसतात. म्हणून कुर्डूबद्दल लिहिते आहे.

2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पुढे राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत आमची बार्शीही होती. भांडी विसळलेले पाणी घालूनसुद्धा माझे दोन गुलाब वाळले. कुंपणाकडेच्या मुरमाड पट्ट्याला मात्र मी तांब्याभरही पाणी दिले नव्हते, आणि तिथला कुर्डू गणपतीत तुऱ्यांनी भरून गेला. तुरा शेंड्याला गुलाबी, खाली रुपेरी पांढरा. ऊन तापू लागले की त्यावर फुलपाखरे येत.

आदल्या वर्षी हीच रोपे कामाला आलेल्या माणसाने गवत समजून खुरपली होती. त्याला काय बोलणार? ज्वारी-तुरीत कुर्डू तणच. माझ्या वडिलांनीही तो जन्मभर उपटला. पण अंगणात कुठे पीक आहे? रोपवाटिकेतून आपण हौसेने आणतो तो कोंबड्याचा तुराही कुर्डूच्याच जातीचा.

लावणे सोपे आहे. दिवाळीनंतर वाळलेले तुरे कागदावर चोळले की काळे, चकचकीत, मोहरीहून बारीक बी पडते. पहिल्या चांगल्या पावसानंतर ते मूठभर वाळूत मिसळून भर उन्हाच्या जागी फेकावे, वर मातीचा नुसता हात फिरवावा. रोपे बोटभर झाली की वितीवर एक ठेवून विरळणी करावी. उपटलेल्या कोवळ्या रोपांची लसूण-मिरची घालून भाजी होते, आमच्याकडे आवडीने खातात. शेणखत घालू नये. माजलेले झाड वाऱ्याने लोळते. घराला लागून शेत असेल तर मात्र बी गळण्याआधी तुरे कापून घ्यावेत, नाहीतर शेजारच्या शेतकऱ्याला त्रास.

आपल्या बागकामाच्या पानावर जूनमध्ये कुर्डू, तेरडा अशा फुलांचे बी कसे धरावे याची माहिती द्यावी, ही विनंती. माझ्याकडे यंदाच्या अकरा पुड्या बांधून तयार होत्या. त्यातल्या सात गल्लीतच गेल्या.

– एक निवृत्त शिक्षिका, बार्शी