क्षितिजाची रेष आधी

मा. संपादक,

मे महिना आला की गावोगाव चित्रकलेची शिबिरे भरतात आणि मुले चार भिंतींत बसून मोबाइलवरचा फोटो कागदावर उतरवतात. दोन डोंगर, मधे सूर्य, कडेला वाकलेला माड. बाहेर खरा समुद्र असताना हा उपद्व्याप कशाला? रोज दहा मिनिटे पुळणीवर बसून रेखाटन केले तर काय घ्यायचे आणि काय सोडायचे ते स्वतः ठरवावे लागते. फोटोत ते आधीच ठरलेले असते.

साहित्य थोडके लागते: हातात मावणारी, १३० ते १५० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) वजनाच्या कागदाची वही, एक मऊ २बी आणि एक त्याहून मऊ, गडद ६बी पेन्सिल. खोडरबर घरीच राहू द्यावा. कागद आपल्या सावलीत धरावा, कारण उन्हात ठीक वाटलेली छटा घरी आल्यावर काळीकुट्ट दिसते.

पहिली रेष क्षितिजाची. ती नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, आणि किनाऱ्यावर ती आयती आखलेली मिळते. वाळूत मांडी घालून बसलात तर डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर येतात. मग सपाट पुळणीवर उभा असलेला मोठा माणूस दहा पावलांवर असो वा दोनशे, क्षितिज त्याला कमरेच्या जरा खालीच कापते. दूरची माणसे नुसती लहान करून त्यांचे पाय क्षितिजावर टेकवले की ती उडताना दिसतात. डोकी क्षितिजाखाली गेली की बुटकी होतात. पाण्याजवळचा माणूस उतारावर खाली उभा असतो, त्याच्या छातीपर्यंत रेष चढते. एवढे पाहिले की पुळणीचा उतारही चित्रात आपोआप येतो.

होडी मात्र बहुतेकांची केळ्यासारखी होते. आधी तिच्या मापाची पेटी काढावी, तळाच्या मधोमध कण्याची रेष ओढावी. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, त्याच रेषेवर उभी राहते. हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी माणसे स्थिर नसतात, तिथे अर्ध्या मिनिटात पाठीचा बाक आणि भार कुठल्या पायावर आहे एवढेच टिपावे. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईचे डोके आणि भाराचा पाय जवळजवळ एका ओळंब्यात येतात. तो चुकला तर पाटी पडणार.

संध्याकाळी तेच दृश्य न बघता पुन्हा काढावे. पोफळीचे खोड सरळ, वलये असलेले, शेंड्याखाली गुळगुळीत हिरवा भाग. माडाची झावळी स्वतःच्या वजनाने वाकते आणि तिची पाती फणीच्या दातांसारखी खाली लोंबतात. हे आठवत नसेल तर सकाळी ते पाहिलेच नव्हते. एलिमेंटरी या शालेय चित्रकला परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, पण त्याची तयारी पाठ केलेल्या आकृत्यांवर चालते, हे खेदाने लिहावे लागते.

पावसाळ्यात कागद दमट होऊन मऊ पडतो. कठीण पेन्सिल त्यात चर पाडते, रबराने तंतू उठतात, शाईपेनची रेष फुटते. तेव्हा साधे बॉलपेन घ्यावे. त्याची शाई तेलकट, म्हणून पसरत नाही. वही ओलसर असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये, बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. चुलीच्या उबेला, धूर लागणार नाही अशी, उघडी ठेवावी.

– एक कलाशिक्षक, गुहागर