ईशानच्या दहावीनंतरचं

एसलिंगेन, जर्मनी,
एप्रिल 2025

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर ईशानचा विषय निघाला की आई "बरं बरं" म्हणते आणि बाबा काहीच बोलत नाहीत, म्हणून लिहूनच कळवते. पुढच्या वर्षी दहावी झाल्यावर त्याला अकरावी-बारावी करायची नाही. त्याला आउसबिल्डुंग करायचंय, म्हणजे आपली अप्रेंटिसशिप, आणि तीही सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर. बाबा, उद्यमनगरात आयुष्यभर लेथपुढं उभं राहून तुम्ही मला इंजिनीअर केलंत आणि आता नातू पुन्हा तिकडंच निघालाय. तुम्हाला काय वाटत असेल ते कळतं मला. तरी आधी इथली पद्धत ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

इथं चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. गिम्नाझियुमला गेलेली मुलं विद्यापीठाच्या रस्त्याला, रेआलशुलेतली दहावीनंतर बहुधा कामाच्या किंवा तांत्रिक शिक्षणाच्या. दहा वर्षांच्या पोराची अशी विभागणी करणं मला अजिबात पटत नाही. परदेशातून आलेल्यांच्या मुलांना यात भाषेचा फटका बसतो, तो वेगळाच. ईशानला शिक्षकांनी रेआलशुले सुचवली तेव्हा इथल्या गणपतीत लोकांनी आमचं सांत्वनच केलं होतं. पण त्याच शाळेनं पुढं जे केलं, ते माझ्या गुणवत्ता यादीवाल्या कॉलेजनं कधी केलं नव्हतं.

आमच्या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, 2016 च्या अभ्यासक्रमापासून अर्थव्यवहार आणि व्यवसायनिवड असा वेगळा विषयच आहे. रेआलशुलेत तो सातवीपासून. पगाराची स्लिप वाचणं, कर, विमा, करार, युनियन कशाला असते, हे सगळं त्यात येतं. आणि नववीत प्राक्टिकुम: शाळा बंद, मुलांनी खऱ्या कंपनीत, दुकानात, दवाखान्यात जाऊन काम बघायचं. पगार नाही. जड आणि धोक्याची कामं कायद्यानं देता येत नाहीत. खरी गंमत अशी की जागा मुलानं स्वतः शोधायची. ईशाननं स्वतःचा बायोडेटा लिहिला, अर्ज पाठवले, फोन केले. फोन करताना दार लावून घ्यायचा. काहींनी नकार कळवला, काहींनी तेवढंही केलं नाही. मी एका ओळखीच्यांना सांगते म्हटलं तर माझ्यावर उखडला.

शेवटी सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात जागा मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी काय दिलं असेल? व्हाइसमध्ये एक लोखंडी तुकडा आणि हातात कानस. "घास, सपाट होईपर्यंत." बाबा, तुम्ही आयटीआयचे पहिले महिने सांगायचात ना, गुण्या लावून उजेडात धरायचं आणि फट दिसली की पुन्हा घासायचं, अगदी तेच. तळहाताला फोड घेऊन घरी आला आणि जेवताना मला व्हर्नियर कसा वाचायचा ते समजावत बसला. मी ऐकून घेतलं. आठवड्याच्या शेवटी तिथल्या माइस्टरनं, म्हणजे तुमच्या भाषेत मेस्त्रीनं, त्याला बसवून सांगितलं: हात चांगला आहे, गणित कच्चं आहे, आणि गणिताशिवाय प्रोग्रॅमिंग जमणार नाही. आम्ही तीन वर्षं हेच सांगत होतो. आता स्वतःहून त्रिकोणमिती घेऊन बसतो.

शिवाय शाळेत त्यांची एक कंपनी आहे. युनिओर नावाचा हा उपक्रम जर्मनीत 1994 पासून चालतो. मुलं दहा-दहा युरोचे शेअर विकून भांडवल उभं करतात, वर्षभर काहीतरी बनवून विकतात, हिशेब ठेवतात आणि वर्ष संपलं की भागधारकांची सभा घेऊन कंपनी गुंडाळतात. यांनी लाकडी मोबाइल स्टँड काढलेत. ऑर्डरी यायच्या आधीच लाकूड भरून ठेवलं, त्यावरून भांडणं झाली, आणि खजिनदार आपले चिरंजीव. यातून सगळे उद्योजक होतील वगैरे भाषणं शाळेच्या समारंभात होतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. पण उधारी मागायला कसं जायचं हे पंधराव्या वर्षी कळलं, हे काही कमी नाही. बाबा, तुमच्या नावावरही एक शेअर घेतलाय, सांगायचं राहिलंच होतं.

हे खूळ फक्त जर्मनीचं नाही. फिनलंडला माझी मैत्रीण आहे, तिची मुलगी सहावीत असताना युरित्युसक्युलाला जाऊन आली. 2010 मध्ये सुरू झालेली ही छोटीशी नगरी आहे. मुलं आधी वर्गात तयारी करतात, नोकरीसाठी अर्ज करतात आणि मग एक दिवस तिथं बँकेत, दुकानात, नगरपालिकेत काम करून पगार मिळवतात आणि खर्चही करतात. डब्लिनला निलेशचा मुलगा सध्या ट्रान्झिशन इयरमध्ये आहे. आयर्लंडमध्ये 1974 पासून शाळेच्या मधोमध हे एक ऐच्छिक वर्ष आहे, त्यात बोर्डाची परीक्षाच नाही. कामाचा अनुभव घ्यायचा, स्वयंसेवा करायची, छोटी कंपनी काढून बघायची. निलेश आधी वर्ष वाया जाणार म्हणून कुरकुरत होता. स्वित्झर्लंडमध्ये तर साधारण दोन-तृतीयांश मुलं अप्रेंटिसशिपच करतात. आई, तुझा बँकेवर फार जीव, म्हणून सांगते: यूबीएस या त्यांच्या सगळ्यात मोठ्या बँकेचे प्रमुख सेर्जिओ एर्मोटी यांनीही बँकेत अप्रेंटिस म्हणूनच सुरुवात केली.

आता ईशानचं. साडेतीन वर्षांचं शिक्षण. कंपनीशी लेखी करार, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत. 2025 मध्ये सुरू होणाऱ्यांना कायद्यानं पहिल्या वर्षी महिन्याला किमान 682 युरो द्यावे लागतात, मोठ्या कंपन्या बरंच जास्त देतात. अंतिम परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेतं. परीक्षकांत मालकांचे, कामगारांचे आणि शिक्षकांचे असे तिन्ही प्रतिनिधी असतात. त्यामुळे प्रमाणपत्र देशभर चालतं.

बाबा, तुम्ही आयटीआयला गेलात ते घरची दुसरी वाट बंद होती म्हणून. आणि एकदा टर्नर झालात की वरच्या ऑफिसातला पोरगेलासा डिप्लोमावालाही तुम्हाला "ए" म्हणून हाक मारायचा. तुम्ही मला तिथून बाहेर काढलंत ते त्या हाकेमुळं, लेथमुळं नव्हे, असं मला आता वाटतं. इथं हाक वेगळी आहे आणि दारंही उघडी राहतात. शिकून झाल्यावर आणखी एक वर्ष शाळा केली तर तंत्रमहाविद्यालयात जाता येतं. माइस्टर झाला तर ती पात्रता बॅचलरच्याच पातळीवर धरतात आणि विद्यापीठाचा रस्ताही खुला होतो. सगळं गुलाबी आहे असं नाही. इथले गाड्यांचे कारखाने आणि त्यांना भाग पुरवणारे सध्या माणसं कमी करताहेत, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. म्हणून नुसत्या गाड्यांच्या कंपन्यांत अर्ज करू नकोस, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यांकडेही कर, असं त्याला सांगितलंय. दुसरीकडं माणसांची चणचण एवढी की 2024 मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं आमच्याच राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला. तुमच्या पेपरात आलं असेलच.

उन्हाळ्यात अर्ज करायचे आहेत, सुरुवात पुढच्या सप्टेंबरात. तोवर तांत्रिक गिम्नाझियुमचा पर्यायही हातचा ठेवलाय. त्याचे बाबा अजून त्याच बाजूला आहेत, त्यामुळे घरात मतदान बरोबरीत.

ऑगस्टमध्ये येतो आहोतच. सुहासदादाला सांगून ठेवा, ईशानला शेडवर यायचंय. बाबा, तुम्ही त्याची नीट परीक्षा घ्या: लेथवर जॉब लावायला द्या, मायक्रोमीटर वाचायला लावा, आणि आवडलं नाही तर तोंडावर सांगा. फक्त "लोक काय म्हणतील" हे त्याला सांगू नका, ते मला सांगा. रविवारी व्हिडिओ कॉलवर तो तुम्हाला टेपर टर्निंगचं काहीतरी विचारणार आहे, मला त्यातलं सांगता आलं नाही.

आई, शुगरचा रिपोर्ट पाठव. सांगितलेला नव्हे, कागदाचा फोटो.

तुमची,
मंजू