‘दर’ हा शब्द मुलांकडेच राहू दे

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची राखीव शब्दांची, म्हणजे भाषा स्वतःसाठी ठेवून घेते आणि इतर कशाला नाव म्हणून देऊ देत नाही अशा शब्दांची, यादी मिळाली. शाळकरी मुलांसाठी मराठी शब्दांची छोटी प्रोग्रामिंग भाषा करण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘दाखव’ यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझे भांडण आहे ते ‘दर’शी.

‘दर वस्तू यादीत’ असे लिहिले की इंग्रजी ‘फॉर’चे, म्हणजे यादीतली एकेक वस्तू घेऊन तीच कृती करण्याचे, काम अस्सल मराठीत होते, हे मान्य. पण परवा तुझी यादी समोर ठेवून मी पुतणीला काजूबियांचा हिशेब लिहायला बसवले, तेव्हा तिने पहिलीच ओळ लिहिली ती ‘दर = १२०’. तुझ्या नियमाने ती चूक. ‘भाव’ लिही, असे मी सुचवले, तर म्हणाली, “काका, पाटीवर तर दरच लिहिलेला असतो ना?” यावर मला उत्तर सुचले नाही. राखीव केलेला शब्द आपण वापरणाऱ्याच्या तोंडून काढून घेतो, म्हणून जो त्याला कशाचे नाव म्हणून सहसा लागत नाही, असाच शब्द घ्यावा. ‘प्रत्येक’ लांब आहे खरा, पण कुणी व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या कप्प्याला, ते नाव देणार नाही. प्रोग्रामच्या एखाद्या भागाचा निकाल परत देण्यासाठी ‘परत’ऐवजी ‘उत्तर’ ठेवण्याचा विचारही सोड. गणिताच्या वहीत प्रत्येक गणिताखाली मुले तेच लिहितात.

हा धडा मी अंगावर घेऊन शिकलो आहे. २०१८ साली पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.७ आवृत्तीत ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे पूर्ण राखीव झाले. आमच्या जुन्या कोडमध्ये एका फंक्शनच्या (ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याच्या) पॅरामीटरचे, म्हणजे त्याला पुरवायच्या किमतीचे, नाव नेमके ‘असिंक’ होते. नवी आवृत्ती घातली आणि ती फाइल एक ओळही न चालता सिंटॅक्स एररवर, म्हणजे व्याकरणाच्या चुकीवर, अडली. पुढे २०२१ च्या ३.१० मध्ये ‘मॅच’ आणताना पायथनवाल्यांनी तो केवळ विशिष्ट जागी राखीव मानला, नाहीतर मजकुरात नमुने शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या लायब्ररीतले ‘मॅच’ हे फंक्शनच मोडले असते. सी प्लस प्लस या भाषेने २०२० च्या प्रमाणित आवृत्तीत ‘को_यील्ड’ असे ओबडधोबड शब्द पत्करले, कारण नुसता ‘यील्ड’ वित्त आणि शेतीच्या प्रोग्रामांत आधीच नाव म्हणून वापरात होता. दिसायला वाईट, पण मला तो सौजन्याचा नमुना वाटतो.

जागेवरून अर्थ ठरवण्याची सोय तुलाही मोहवील, पण मुलांच्या भाषेत ती नको. पीएल-वन या जुन्या भाषेत एकही शब्द राखीव नव्हता, त्यामुळे ‘इफ’ नावाचे व्हेरिएबल ‘इफ’च्या अटीत बसवता येई, कंपायलरला, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्याला, ते उमगत असे, वाचणाऱ्याचे मात्र हाल. त्यापेक्षा पुढे लागतील असे चार शब्द आजच राखून ठेव. जावा या भाषेने ‘गोटू’ (अमुक जागी उडी मार) कधीच वापरला नाही, पण पहिल्यापासून अडवून ठेवला आहे.

सुधारलेली यादी सुट्टी संपण्याआधी धाड, म्हणजे पुतणीकडूनच तपासून घेतो.

तुझा,
उमेश