नाचत नॉर्विचला आलेला विल केम्प

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत, "तुझ्या त्या नॉर्विचमध्ये नाटकवाला कुणी होऊन गेला की नाही?" फोनवर आटोपण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसले.

त्याचं नाव विल केम्प. इथला नव्हे, लंडनच्या रंगभूमीवरचा. शेक्सपियरच्या नाटक मंडळीतला पहिला मोठा विनोदी नट. 1594च्या नाताळात राणी एलिझाबेथपुढे झालेल्या प्रयोगांच्या बिदागीची नोंद आहे, तीत केम्प, शेक्सपियर आणि मंडळीचा मुख्य नट बर्बेज अशी तिघांची नावं शेजारी शेजारी आहेत. त्याआधी 1586मध्ये तो डेन्मार्कच्या राजाकडे एल्सिनोरला खेळ करून आला होता. म्हणजे हॅम्लेटचा तो किल्ला केम्पने हॅम्लेट लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधी पाहिलेला!

त्या काळी नाटक संपलं की 'जिग' व्हायची. नाच, गाणी, चावट संवाद, सगळं मिळून छोटासा फार्स. आधी रंगमंचावर प्रेतं पडलेली असली तरी शेवटी जिग हवीच. केम्प त्यातला राजा होता. या जिगांचं फारच थोडं कागदावर उरलं आहे. त्याचं अंग, त्याचा आवाज, थांबून प्रेक्षकांकडे बघण्याची त्याची ढब, हे तर कुणीच लिहून ठेवलं नाही.

पण दोन ठिकाणी तो निसटून मागे राहिला आहे, आणि हे तुम्हाला सांगायचंच होतं. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या 1599च्या छापील प्रतीत पीटर नावाच्या नोकराचा प्रवेश आहे. तिथे पात्राच्या नावाऐवजी चक्क 'विल केम्प येतो' असं छापलंय. 'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग'मध्ये डॉगबेरी नावाचा एक हवालदार आहे, मोठमोठे शब्द हमखास चुकीच्या जागी वापरणारा. 1600च्या प्रतीत त्याच्या काही वाक्यांपुढेही 'केम्प' असंच आहे. लिहिताना शेक्सपियरच्या डोळ्यांपुढे पात्र नव्हतं, तो माणूस उभा होता. हे वाचलं तेव्हा मला तुमचा नोकर आठवला, बाबा. ऑफिसच्या प्रत्येक नाटकात नोकराचं काम तुमच्यासाठीच लिहिलेलं असायचं ना?

1599मध्ये ग्लोब थिएटर उभं राहिलं तेव्हा केम्प त्यात भागीदार होता. पण लवकरच त्याने हिस्सा सोडला आणि मंडळीही सोडली. कारण कुणी नोंदवलेलं नाही. त्याच्या जागी रॉबर्ट आर्मिन आला आणि शेक्सपियरचे विदूषक गाणारे, शहाणे, थोडे दुखरे झाले. हॅम्लेट नटांना बजावतो की विदूषकाने लिहून दिलेल्यापेक्षा जास्त बोलू नये. हा टोला केम्पला होता असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आई, तू विंगेत प्रॉम्प्टिंगला उभी असायचीस आणि बाबांनी अ‍ॅडिशन घेतली, म्हणजे संहितेत नसलेलं पदरचं वाक्य टाकलं, की पान चुकायचं म्हणून चिडायचीस. तू हॅम्लेटच्या बाजूची. मी मात्र केम्पच्या बाजूची आहे. ज्या वाक्यावर सगळं थिएटर हसलं ते वाक्य पदरचं होतं की लेखकाचं, याने मला काही फरक पडत नाही.

आता नॉर्विच. फेब्रुवारी 1600मध्ये एका सोमवारी सकाळी केम्प पायांना घुंगरं बांधून लंडनच्या महापौरांच्या घरापासून निघाला. पैज अशी की नॉर्विचपर्यंत मॉरिस नाच, म्हणजे घुंगरं बांधून करायचा इंग्लंडचा लोकनाच, करत जायचं. अंतर शंभर मैलांच्या वर. सोबत एक नोकर, नाचात लबाडी होत नाही ना हे बघणारा एक पंच, आणि टॉमस स्लाय हा वादक. स्लाय एका हाताने पावा वाजवायचा आणि दुसऱ्या हाताने ढोलकं. वाटेत विश्रांती, बर्फ, पाहुणचार, त्यामुळे महिनाभर गेला. पण नाचाचे दिवस नऊच.

ब्रेंट्रीच्या वाटेवर रानातून सगळा चिखल होता. दोन तरुण पोरं हौसेने त्याच्या मागे लागली. पुढे एक रुंद डबकं आलं. केम्पने उडी मारली, पलीकडच्या कडेला घोट्यापर्यंत रुतला, पण निघाला. मागच्या पोराने उडी मारली ती थेट मधोमध. "याला काय नाच म्हणतात? मी नाही येणार पुढे," म्हणून ओरडायला लागला. मित्र त्याला काढायला चिखलात उतरला. दोघं बेडकांसारखे धडपडत होते आणि मला हसू आवरेना, असं केम्पनेच लिहून ठेवलंय.

पुढे सडबरीला एक धिप्पाड खाटीक बरोबर नाचायला निघाला आणि अर्ध्या मैलातच दमला. गर्दीतल्या एका मुलीने त्याला नावं ठेवली, घुंगरं मागून घेतली आणि मैलभर केम्पच्या बरोबरीने नाचली. तिचं नाव मला माहीत असायला हवं होतं असं फार वाटतं.

नॉर्विचमध्ये गर्दी एवढी की पाय टाकायला जागा नाही. शेवटी सेंट जॉन चर्चच्या आवाराची भिंत ओलांडून त्याने उडी मारली आणि जवळच्या वाटेने महापौरांचं घर गाठलं. महापौरांनी त्याला पाच पौंड दिले, शिवाय जन्मभर दरसाल चाळीस शिलिंग. त्याचे नाचातले बूट इथल्या गिल्डहॉलच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकले होते. चर्चला लागूनच मॅडरमार्केट थिएटर आहे, 1921पासूनचं, हौशी नटांचं. पुढच्या वेळी याल तेव्हा तिथे नाटक बघायचंच.

पैजेचे पैसे बहुतेकांनी बुडवले. त्यातून लंडनमध्ये त्याच्या नावावर खोटीनाटी कवनं छापून विकायला लागले. तेव्हा त्याने स्वतः बसून सगळा प्रवास लिहिला आणि त्याच वर्षी छापला. त्याची एकच मूळ प्रत आज माहीत आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. पुढे तो युरोपात फिरला, परतला, दुसऱ्या मंडळीत गेला, उसनवारी केली. 1603मध्ये साउथवर्कच्या दफननोंदीत 'केम्प, एक माणूस' एवढंच आहे. बहुधा तोच.

बाबा, तुमच्या एकाही प्रयोगाचं चित्रीकरण नाही. संहिता ट्रंकेत आहेत, पण तुम्ही केलेलं त्यात नाही. म्हणून आग्रहाने सांगते, लिहायला सुरुवात करा. लिहिताना डोळ्यांना त्रास होत असेल तर मोबाइलवर बोला, मी इथे उतरवून काढीन. कुठल्या वाक्यावर थांबायचात, पंचा कसा झटकायचात, कुठल्या गावी कशाला हशा आला, सगळं. आई, तू शेजारी बस आणि अ‍ॅडिशन कुठली ते सांग. तुला सगळ्या संहिता अजून पाठ आहेत हे मला माहीत आहे.

रविवारी फोन करते. पहिल्या अंकातल्या नोकराच्या प्रवेशापासून सुरू करू. रक्तदाबाच्या गोळ्या दोघांनी वेळेवर घ्या.

तुमची
मनू